गगनबावड्याचा पिशवी कोळी : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

पाऊस आता जोर धरू लागला असून पुढचे तीन महिने गगनबावड्याच्या बाजूला नियमित जाणे जमणार नाही, म्हणून मागच्या हंगामातील नमुने आज टेबलावर घेतले. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२३ या काळात करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावरील खासगी रानांतून, जमीनमालकांच्या संमतीने, आमच्याकडे ४६ कुप्या जमल्या होत्या. छत्री उलटी धरायची, वरची फांदी काठीने दोनतीनदा झोडपायची आणि छत्रीत पडलेला कोळी पळून जाण्याआधी कुपीत घ्यायचा, हीच मुख्य पद्धत होती. गुंडाळलेली पाने मात्र हाताने उलगडून पाहिली.

हे कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाहीत. दिवसा पानाच्या घडीत स्वतःच विणलेल्या रेशमी पिशवीत बसून राहायचे आणि अंधार पडला की पानापानावर फिरून शिकार करायची, असा त्यांचा दिनक्रम असतो. कात टाकणे, अंडी घालणे, अंड्यांची राखण करणे हे सगळे त्या पिशवीतच होते, म्हणून इंग्रजी नावाला धरून आम्ही त्यांना पिशवी कोळी म्हणतो.

पहिल्या छाननीत २९ कुप्यांतील कोळी अपरिपक्व निघाले आणि ते बाजूला ठेवावे लागले. कोळ्याची जात मुख्यतः नराच्या पाल्पवरून, म्हणजे तोंडाशेजारच्या पायासारख्या आखूड अवयवावरून, आणि मादीच्या एपिगाइनवरून, म्हणजे पोटाच्या खालच्या बाजूस असलेल्या जननपट्टावरून ठरते, आणि हे दोन्ही अवयव शेवटची कात टाकल्यानंतरच पूर्ण रूपाला येतात. उरलेल्या १७ कुप्यांपैकी ५ कुप्यांत चिराकँथियम या वेगळ्या प्रजातीचे कोळी होते. त्यांच्या पायांची पहिली जोडी सर्वांत लांब असते आणि शिरोवक्षाच्या मध्यावरची खाच त्यांच्यात दिसत नाही, त्यामुळे ते लगेच वेगळे काढता येतात. आमच्या उपयोगाच्या १२ कुप्या राहिल्या: ३ नर आणि ९ माद्या, सर्व क्लुबिओना या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाचे.

जुने भारतीय साहित्य वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. चिराकँथियम पूर्वी क्लुबिओनिडी कुळातच धरले जात असे. आज ते स्वतंत्र कुळात, चिराकँथिडीत, मोजले जाते. त्यामुळे मजुमदार आणि टिकेदार यांच्या १९९१ च्या क्लुबिओनिडीवरील कामात ज्या कोळ्यांची वर्णने एकत्र आहेत, ती आज दोन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

२४ जून २०२४

कुपी क्रमांक १७ मधील नर आज दिवसभर स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली होता. शिरोवक्ष फिकट पिवळसर तपकिरी, जबडे त्याहून गडद, पोटावर अस्पष्ट खुणा. बाहेरून पाहिल्यास या प्रजातीतील इतर अनेक कोळ्यांसारखाच एक कोळी, असेच कोणीही म्हणेल. डावा पाल्प सुटा करून बाजूने पाहिला आणि तेथे मात्र थांबावे लागले. पाल्पच्या टिबियावर, म्हणजे शेवटून दुसऱ्या खंडावर, बाहेरच्या अंगाने जो उंचवटा असतो, तो या नरात दुभंगलेला आहे. वरची शाखा रुंद व बोथट असून खालची सुईसारखी निमुळती होत आतल्या बाजूस वळते. एम्बोलस, म्हणजे नराच्या वीर्यनलिकेचे टोक, बारीक असून पाल्पच्या अग्रभागी उगम पावून आडवे वळते. हा आकार मला ठाऊक असलेल्या कोणत्याही भारतीय क्लुबिओनाच्या चित्रात दिसलेला नाही.

क्लुबिओनात आज जगभर सुमारे पाचशे जाती गणल्या जातात, त्यामुळे ‘मला दिसलेला नाही’ या विधानाला फारसे वजन नाही. बर्न येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयातून चालवल्या जाणाऱ्या जागतिक कोळी सूचीवरून आशियातील जातींची यादी काढून प्रत्येकीचे मूळ चित्र गोळा करण्यास सुरुवात केली आहे. ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी १८७४ साली वर्णिलेल्या क्लुबिओना ड्रासोडीस आणि क्लुबिओना फिलिकाटा यांच्यापासून आरंभ केला, कारण भारतात कोठेही पिशवी कोळी सापडला की यांपैकी एखादे नाव लावून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. क्रमांक १७ या दोहोंपैकी कोणताही नाही, एवढे आजच्या आज ठरले.

२ जुलै २०२४

नऊही माद्या तपासून झाल्या. एपिगाइनवरून त्यांचे तीन गट पडतात. अ गटात पाच माद्या आहेत. त्यांच्यात पट्टाच्या मागच्या कडेजवळ दोन स्पष्ट, अर्धचंद्राकार छिद्रे आहेत. ब गटात तीन माद्या असून त्यांची छिद्रे लहान आहेत आणि एकमेकींना जवळजवळ चिकटून बसली आहेत. क गटात एकच मादी आहे. तिच्या पट्टावर छिद्र दिसतच नाही, गडद काळपट गोळा तेवढा दिसतो.

तिन्ही नर मात्र एकाच प्रकारचे, दुभंगलेल्या उंचवट्याचे आहेत. अ गटाच्या माद्या संख्येने जास्त, त्यांपैकी तीन आणि क्रमांक १७ चा नर एकाच रानातले, आकार व रंगही जुळणारे. त्यामुळे हा नर अ गटाचाच, असे आमच्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे आणि ते म्हणणे सहज टाकून देण्याजोगे नाही. एका ठिकाणी, एकाच वेळी सापडलेले नर-मादी एका जातीचे मानून वर्णन करणे हा कोळ्यांच्या अभ्यासात रूढ मार्ग आहे. भारतातल्या अनेक जाती आजही नुसत्या मादीवरून किंवा नुसत्या नरावरून ठाऊक आहेत, आणि ज्यांची जोडी लावली गेली त्यांतही काही जोड्या पुढे चुकीच्या ठरतात. अशी चूक एकदा छापली गेली, की पुढचा अभ्यासक चित्राशी नमुना ताडून तेच नाव देतो आणि एकाच नावाखाली दोन जाती वर्षानुवर्षे नांदत राहतात. ती निस्तरायला नंतर कोणाला तरी संग्रहालयांतील जुन्या कुप्या पुन्हा उघडाव्या लागतात. तेव्हा जोडी लावण्याचा निर्णय आज घ्यायचा नाही, असे ठरले.

९ जुलै २०२४

आज एक नुकसान लक्षात आले. ते येथे जसेच्या तसे लिहून ठेवतो.

दुसऱ्या नराची कुपी, क्रमांक २२, उघडली तेव्हा आतल्या चिठ्ठीवर निळसर डाग तेवढे उरले होते. मागच्या ऑक्टोबरमध्ये वेळ वाचावा म्हणून काही चिठ्ठ्या मी इंकजेट प्रिंटरवर छापल्या होत्या. अल्कोहोलमध्ये ती शाई विरघळली. अशा १४ कुप्या निघाल्या. क्षेत्रवहीतील नोंदी आणि कुपीच्या झाकणावर पेन्सिलीने घातलेले आकडे ताडून १३ कुप्यांची ठिकाणे आणि तारखा पुन्हा लावता आल्या, कारण झाकणांवर आकडे घालण्याची शिस्त आमच्या विद्यार्थिनींनी पाळली होती. क्रमांक २२ चे झाकण मात्र मध्यंतरी बदलले गेले होते. हा नर करूळच्या बाजूचा की भुईबावड्याच्या, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

ज्याचे ठिकाण ठाऊक नाही असा नमुना वर्णनाचा आधार होऊ शकत नाही. तो रचना समजण्यासाठी वापरता येईल, त्याचा पाल्प फुगवून आतले भाग पाहता येतील, पण परानमुना, म्हणजे वर्णनाला आधार देणारा दुय्यम नमुना, म्हणून त्याची नोंद करायची नाही. यापुढे प्रत्येक चिठ्ठी जाड सुती कागदावर, काळ्या इंडियन इंकने, हाताने लिहायची आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय कुपीत टाकायची नाही. घाई असेल तर पेन्सिल वापरायची, कारण शिसे अल्कोहोलमध्ये विरघळत नाही.

२५ जुलै २०२४

पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आहे आणि गगनबावड्याचा रस्ता पाण्यामुळे बंद आहे. प्रयोगशाळेत येऊ शकलेल्या दोघींसोबत एपिगाइन सोडवण्याचे काम हाती घेतले.

हे काम सावकाशीचे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला तो पट्ट, काडीच्या टोकाला बसवलेल्या अतिबारीक पिनेने कडेकडेने कापत पोटापासून अलग करायचा, कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात ठेवून आतले मऊ भाग विरघळू द्यायचे, आणि मग तो उलटा करून आतल्या नलिका पाहायच्या. बाहेरून दिसते ते केवळ दार असते. नलिका आत गेल्यावर किती वळसे घेते, तिची जाडी कोठे वाढते, शुक्रकोश किती मोठे आणि एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे सारे आतून पाहिल्यावरच कळते. द्रावणात पट्ट जास्त वेळ राहिला तर तो इतका पारदर्शक होतो की कडाच दिसेनाशा होतात. त्यामुळे घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी पाहावे लागते.

क गटाच्या मादीचा उलगडा आज झाला. तिच्या पट्टावरचा काळपट गोळा हा तिच्या शरीराचा भाग नव्हताच. तो समागमानंतर छिद्रांवर बसलेला आणि वाळून कडक झालेला बूच होता. काही कोळ्यांमध्ये समागमाच्या वेळी स्रावाने मादीची छिद्रे अशी बंद होतात. द्रावणात मऊ झाल्यावर तो पिनेच्या टोकाने उचलला गेला आणि खाली ब गटाचीच लहान, जवळजवळ चिकटलेली छिद्रे दिसली. म्हणजे क गट नाही. अ मध्ये पाच आणि ब मध्ये चार माद्या. बाहेरूनच चित्र काढून थांबलो असतो, तर एक जात आम्ही हवेतून निर्माण केली असती.

अ आणि ब यांच्या आतल्या रचना मात्र अगदी निराळ्या आहेत. अ मध्ये नलिका आखूड व रुंद आहे. ब मध्ये ती लांब, बारीक आणि दोन वळशांची आहे. क्रमांक १७ च्या नराचा एम्बोलस बारीक आहे. बारीक एम्बोलस आणि बारीक नलिका यांची सांगड मनाला पटते, पण मनाला पटणे हा पुरावा नव्हे. सहकाऱ्याशी यावर बराच वेळ बोलणे झाले आणि दोघांनीही आपापले मत राखून ठेवले.

१४ ऑगस्ट २०२४

क्रमांक १७ चा नर आणि दोन्ही गटांतील एकेक मादी यांचे उजव्या बाजूचे दोनदोन पाय डीएनए काढण्यासाठी पाठवले. डाव्या बाजूचे पाय मोजमापासाठी आणि काट्यांच्या नोंदीसाठी शाबूत ठेवले आहेत. प्राण्यांच्या ओळखीसाठी सहसा वापरला जाणारा, मायटोकाँड्रियातील सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा मिळवायचा आहे.

३० ऑगस्ट २०२४

तिन्ही नमुन्यांतून वाचण्याजोगा अनुक्रम मिळाला नाही. कोळी ७० टक्के अल्कोहोलमध्ये आणि वर्षभर खोलीच्या तापमानात होते. रचना पाहण्यासाठी ७० टक्के ठीक असते, कारण त्यात सांधे वळते राहतात. डीएनए टिकवण्यासाठी ९५ टक्क्यांच्या वरचे अल्कोहोल आणि फ्रीझर लागतो. ताजे नमुने मिळाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

२२ सप्टेंबर २०२४

करूळ घाटाच्या माथ्यावरील त्याच रानात आज सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत होतो. धुके नऊनंतर विरळ झाले. उताराला अंजनी आणि जांभळीची दाटी आहे, पण आमचे लक्ष कारवीवर होते, कारण मागच्या वर्षीच्या क्षेत्रवहीत ब गटाच्या माद्यांपुढे ‘कारवी, पान दुमडलेले’ असा शेरा दोनदा आढळला होता.

जमीनमालक सोबत आले. या कारवीच्या काठ्या तोडून गोठ्याचा कुड बांधायचा त्यांचा बेत होता. “सर, तुमचं काम किती दिसाचं हाय? तवर ह्या अंगाची ऱ्हाऊ दे, मी वरल्या अंगाची तोडतो,” असे म्हणून त्यांनी ओढ्याकडची पट्टी आम्हाला मोकळी करून दिली. त्यांच्या या एका वाक्यावर आमच्या संपूर्ण हंगामाची मदार आहे, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात, त्यांची अनुमती घेऊन, त्यांचा उल्लेख पहिल्या ओळीत करावयाचा आहे.

अकराच्या सुमारास, कमरेच्या उंचीवर, कारवीचे एक पान वेगळे दिसले. पानाची एक कड खाली ओढून मध्यशिरेपाशी धाग्यांनी टाचलेली होती. एकेक टाका पाचसहा धाग्यांचा, आणि धागे आखडल्यामुळे पानाला कायमचा बाक आलेला. पान देठासकट तोडले व उजेडासमोर धरले. आत पांढरट रेशमाची, पातळ कागदासारखी दिसणारी पिशवी होती आणि तिच्यात मधोमध एक पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सावली होती. कात्रीने पानाची कड सोडवली तेव्हा अलीकडच्या कप्प्यात नर दिसला. भिंगातून त्याच्या पाल्पच्या टिबियावरचा दुभंगलेला उंचवटा स्पष्ट दिसला, सुईसारखी खालची शाखासुद्धा. पलीकडच्या कप्प्यात जवळजवळ त्याच्याएवढीच मादी पाय आखडून बसली होती. तिला मी कुपीतच उलटी धरून पाहिली. पोटाखाली छिद्रे नव्हती, कातडीच्या आत धूसर सावली तेवढी होती. म्हणजे तिची शेवटची एक कात बाकी होती.

पिशवी कोळ्यांमध्ये नर असा उपप्रौढ मादीच्या शेजारी पिशवी विणून तिच्या शेवटच्या कातीची वाट पाहत थांबतो, हे इतर देशांतील जातींबद्दल नोंदवलेले आहे. आपल्या सह्याद्रीत, आपल्या हातातल्या पानात ते पाहण्याचा आनंद मी शब्दांत नीट मांडू शकत नाही. पान ओल्या कापसात देठ गुंडाळून डब्यात ठेवले. आणखी दोन नर आणि सहा प्रौढ माद्याही मिळाल्या. त्यांना थेट ९६ टक्के अल्कोहोलमध्ये घेतले. जिवंतपणीचा रंग तेथेच लिहून ठेवला: शिरोवक्ष मधाच्या रंगाचा, पाय फिकट हिरवट झाक असलेले, पोट मोतिया. ती हिरवट झाक मागच्या वर्षीच्या नमुन्यांत नावालाही उरलेली नाही, आणि जुन्या वर्णनांतील ‘फिकट पिवळे पाय’ वाचताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

२३ सप्टेंबर २०२४

डबा प्रयोगशाळेत, खिडकीपासून दूर. तळाशी ओला कापूस. नराने रात्रीतून फाटलेला पडदा पुन्हा विणला आहे.

२७ सप्टेंबर २०२४

फळमाश्या सोडल्या. नराने दोन खाल्ल्या. मादी पिशवीबाहेर आली नाही.

४ ऑक्टोबर २०२४

पहाटे कात पडली. रिकामी कात पिशवीच्या एका टोकाला ढकललेली असून मादी दुसऱ्या टोकाला, अजून पांढुरकी आणि मऊ. नर त्याच कप्प्यात आला आहे. दोघांमधला पडदा त्याने कुरतडून काढला. समागम आमच्या डोळ्यांदेखत झाला नाही.

६ ऑक्टोबर २०२४

मादीचे अंग आता कडक झाले आहे. तिला काचेच्या पट्टीवर, ओल्या स्पंजाने अलगद दाबून, जिवंतपणीच मायक्रोस्कोपखाली पाहिली. छिद्रे लहान आहेत आणि एकमेकींना जवळजवळ चिकटून आहेत. ती ब गटाची आहे.

सहकाऱ्याने स्वतः पाहिले, मग दोघी विद्यार्थिनींनी पाहिले, आणि चौघांनी न बोलता वेगवेगळ्या कागदांवर गट लिहिला. चारही कागदांवर ‘ब’ होते. जुलैमध्ये संख्येकडे आणि सोयीकडे पाहून अ गटाची मादी या नराशी जोडली असती, तर ते चुकीचे ठरले असते, असे दिसते. ‘दिसते’ हा शब्द मी विचारपूर्वक ठेवत आहे. नर चुकून दुसऱ्या जातीच्या मादीपाशी थांबण्याची शक्यता लहान असली तरी ती शून्य नाही. म्हणून या जोडीचे आणि ताज्या माद्यांचे पाय पुन्हा डीएनएसाठी जातील.

२१ नोव्हेंबर २०२४

ताज्या नमुन्यांचे अनुक्रम आले. पानातली जोडी, दोन्ही सुटे नर आणि ब गटाच्या दोन माद्या यांचे अनुक्रम एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. अ गटाची मादी त्यांच्यापासून बरीच दूर, स्वतंत्र फांदीवर बसते. रचना, सहवास आणि जनुक हे तीन पुरावे आता एकाच बाजूला आहेत. सहकाऱ्याने आपले जुलैचे मत मागे घेतल्याचे या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, आणि त्या प्रांजळपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

१२ डिसेंबर २०२४

वर्णनाचा मसुदा चालू आहे. आदर्श नमुना म्हणून पानातील नर निवडला. त्याची मादी, इतर दोन नर व ब गटाच्या माद्या हे परानमुने. क्रमांक २२ वगळला आहे. क्रमांक १७ ला आदर्श नमुना करावे असे आधी मनात होते, कारण त्याच्यापासून सगळे सुरू झाले; परंतु त्याचा डावा पाल्प सुटा केलेला, उजवे दोन पाय गेलेले आणि डीएनए मिळालेले नाही. ज्या नमुन्याशी पुढची शंभर वर्षे लोक आपले कोळी ताडून पाहणार, तो शक्य तितका अखंड असावा.

मोजमापे मिलिमीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत दिली आहेत: शिरोवक्षाची लांबी-रुंदी, आठही डोळ्यांचे व्यास व अंतरे, प्रत्येक पायाचे फीमर, पॅटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. पाल्पची चित्रे ड्रॉइंग ट्यूब लावून, एकदा खालून आणि एकदा बाहेरच्या बाजूने काढली. छायाचित्रे थरांची, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर फोकस करून एकत्र जोडलेली आहेत, तरीही रेखाचित्र सोडलेले नाही. छायाचित्र दिसणारे सगळे दाखवते, तर रेखाचित्र कशाकडे पाहायचे ते दाखवते.

वेळ खरा लागतो तो भेद सांगण्यात. प्राणिनामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार, जी १ जानेवारी २००० पासून लागू आहे, नव्या जातीला नाव देताना ती कशावरून वेगळी हे शब्दांत सांगावे लागते आणि आदर्श नमुना कोणत्या संग्रहात, कोणत्या गावी ठेवला जाईल तेही नमूद करावे लागते. ‘टिबियावरचा उंचवटा दुभंगलेला’ एवढे लिहून भागत नाही, कारण दुभंगलेले उंचवटे इतरही जातींत आहेत. खालची शाखा आतल्या बाजूस वळते की बाहेर, वरच्या शाखेच्या तुलनेत तिची लांबी किती, हे लिहिल्यावरच वाक्य उपयोगी पडते. आज अडीच तासांत भेदाच्या परिच्छेदातली तीन वाक्ये झाली.

नावाबद्दल. क्लुबिओना स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषण घेतले तर तेही स्त्रीलिंगी रूपात यावे लागेल. कोळ्यांची नावे शोधताना कार्ल क्लर्क यांच्या १७५७ च्या ग्रंथापासून मागोवा घ्यावा लागतो. प्राणिनामांचा आरंभ जेथून धरला जातो त्या लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपूर्वीचे असूनही संहितेने ते काम ग्राह्य धरले आहे, आणि क्लुबिओनाची प्रातिनिधिक जात, म्हणजे ज्या जातीवर प्रजातीचे नाव आधारलेले आहे ती पॅलिड्युला, त्याच ग्रंथातली आहे. आमच्या मनातले नाव या प्रजातीत पूर्वी वापरले गेलेले नाही, याची सूचीवर खात्री केली. ते नाव मी येथे लिहीत नाही, कारण प्रबंधाबाहेर, वर्णनाविना फिरणारे नाव पुढे सर्वांनाच अडचणीचे होते. विद्यार्थिनींनी माझ्या नावावरून जातीला नाव देण्याचा आग्रह धरला होता. तो मी मानला नाही. स्वतः वर्णिलेल्या जातीला स्वतःचेच नाव देऊ नये, हा संकेत मला योग्य वाटतो, आणि त्या रानाशी नाते सांगणारे नाव मला अधिक प्रिय आहे.

२० जानेवारी २०२५

कोलकात्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहातील तीन तुलनीय जातींच्या मूळ नमुन्यांची छायाचित्रे मिळाली. दोन स्पष्टपणे वेगळ्या आहेत. तिसऱ्या जातीची मादी मात्र आमच्या अ गटाशी पुष्कळ जुळते. मूळ चित्रात छिद्रांचा अर्धचंद्र इतका स्पष्ट नव्हता, म्हणून जूनमध्ये ती नजरेतून सुटली होती. अ गट नवा नसावा, अशी शक्यता आता उभी राहिली आहे. त्या जातीचा नर अजून कोणी वर्णिलेला नाही.

५ फेब्रुवारी २०२५

जैवविविधता कायदा, २००२ मधील कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती कळवून तिचे नमुने अधिकृत संग्रहात जमा करावे लागतात. आदर्श नमुना आणि चार परानमुने पुण्यात, आकुर्डीच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात नेऊन देण्यासाठी बांधले. प्रत्येक कुपीत हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे. कोल्हापूर जिल्हा, गगनबावडा तालुका, करूळ घाटमाथा, कारवीचे दुमडलेले पान, २२ सप्टेंबर २०२४.

अ गटाच्या पाच माद्या आमच्याकडेच राहतील. त्यांच्या चिठ्ठीवर ‘क्लुबिओना, जात अनिश्चित’ असे लिहून कुप्या पुन्हा कपाटात ठेवल्या. जमीनमालकांशी फोनवर बोलणे झाले. ओढ्याकडची कारवी त्यांनी अजून तोडलेली नाही. सप्टेंबरमध्ये त्याच पट्टीत, या वेळी अ गटाच्या उपप्रौढ माद्या आणि त्यांच्या शेजारच्या कप्प्यातील नर शोधायचे आहेत.